वेबसाइट फुकटात बनते, पण ती टिकवतं कोण?

मार्च २०२४ मध्ये गुगलने एक मोफत सेवा बंद केली. गुगल मॅपवर दुकानाची नोंद केली की त्याच माहितीतून एक छोटी वेबसाइट बनवता यायची. तिचा पत्ता ‘बिझनेस डॉट साइट’ने संपायचा. ५ मार्चला या वेबसाइट गेल्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला १० जूनपर्यंत दुकानाच्या गुगल नोंदीकडे वळवलं जात होतं, नंतर तेही थांबलं. ज्यांनी हा पत्ता दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर छापून घेतला होता, त्यांची पाटी राहिली आणि पत्ता गेला.

यावर उपाय म्हणून अकोल्यात काय सांगितलं जातं? टिळक रोडवरचं कापडाचं दुकान असो, एमआयडीसीतली डाळ मिल असो की जठारपेठेतला क्लास, वेबसाइट करून देणारा सहसा एकच नाव घेतो: वर्डप्रेस. त्याचा युक्तिवादही ठरलेला असतो. हे ओपन सोर्स आहे, फुकट आहे, कुणा कंपनीच्या मर्जीवर नाही, म्हणून कधी बंद पडणार नाही.

यातलं पहिलं खरं आहे. दुसरं बऱ्यापैकी खरं आहे. तिसरं अर्धं खरं आहे आणि चौथं धोक्याचं आहे. ओपन सोर्स साधन आपोआप जिवंत राहत नाही, ते कुणीतरी रोज राबून जिवंत ठेवतं. ते राबणारे कोण, त्यांचं पोट कशावर चालतं आणि ते थांबले तर काय होतं, हे प्रश्न वेबसाइट बनवताना कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की ते अकोल्यातही विचारायला हवेत, आणि त्यांच्या उत्तरात आपल्या भागातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचा थोडा वाटाही असायला हवा.

मुळात हे साधन आलं कुठून?

आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. त्याची सुरुवात मात्र एका बंद पडत चाललेल्या साधनापासून झाली. फ्रान्समधल्या मिशेल वाल्ड्रिगी या तरुणाने ‘बीटू’ नावाचं ब्लॉग लिहिण्याचं साधन बनवलं होतं. काही काळाने त्याचं काम थांबलं आणि वापरणारे अडकले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की आता या साधनाची नवी शाखा काढायला हवी. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी खाली उत्तर दिलं की मी मदत करायला तयार आहे. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

हे शक्य झालं ते परवान्यामुळे. बीटू ‘जीपीएल’ परवान्याखाली होतं. साध्या भाषेत सांगायचं तर या परवान्याची अट अशी: कोड कुणीही वापरा, बदला, वाटा, विका, पण पुढे वाटताना तोच हक्क पुढच्यालाही द्या. मूळ लेखक गायब झाला तरी कोड कुलुपात जात नाही. गुगलच्या त्या छोट्या वेबसाइटच्या बाबतीत हा मार्गच नव्हता. गुगलने बंद केली म्हणजे बंद.

परवान्याची ताकद इथपर्यंत आहे. तो हक्क देतो, माणूस देत नाही. मुलेनवेग आणि लिटल पुढे आले म्हणून बीटूचा कोड जगला. कुणीच पुढे न आल्यामुळे पडून राहिलेले ओपन सोर्स प्रकल्प कितीतरी आहेत. त्यांचा कोडही खुलाच आहे.

देखभाल म्हणजे नेमकं काय करतात?

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. वेबसाइट एकदा बनली की बनली, घराच्या भिंतीसारखी, तिला काय होणार? पण वेबसाइटमधला एक शब्दही न बदलता ती मोडू शकते. कारण तिच्या खालची जमीन हलत असते.

वर्डप्रेस पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला काही वर्षंच आधार मिळतो. ७.४ ही खूप वापरली गेलेली आवृत्ती. तिचा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. होस्टिंग देणारी कंपनी एक दिवस सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकते आणि पाच वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेला फॉर्म चालेनासा होतो. तिकडे क्रोम बदलतो, फोनचे पडदे बदलतात, पेमेंट गेटवेचे नियम बदलतात. वर्डप्रेस सांभाळणाऱ्यांना हे सगळे बदल झेलायचे असतात, तेही जुन्या वेबसाइट न मोडता.

मग सुरक्षा. मला यातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम वाटतं ते हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये वर्डप्रेसची ३.७ ही आवृत्ती आली. तिच्यापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या वेबसाइटवर आपोआप बसू लागल्या. त्यानंतर ती आवृत्ती जुनी झाली, पार मागे पडली, तरी वर्डप्रेसची सुरक्षा टीम तिच्यासाठी दुरुस्त्या तयार करत राहिली. ३.७ ते ४.० या आवृत्त्यांना डिसेंबर २०२२ मध्ये निरोप दिला गेला. म्हणजे नऊ वर्षं. एखादं भोक सापडलं की ते आजच्या आवृत्तीत बुजवायचं, मग तीच दुरुस्ती मागच्या डझनावारी आवृत्त्यांत एकेक करून बसवायची आणि तपासायची. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्यांकडून त्याचे पैसे मिळत नाहीत आणि ‘नवीन काय आलं’ या यादीत ते दिसतही नाही. ज्या दुकानदाराने २०१४ मध्ये वेबसाइट बनवून घेतली आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याची वेबसाइट वर्षानुवर्षं टिकली असेल, तर त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे. त्याला ते ठाऊकही नसतं.

हे झालं गाभ्याचं. पण वर्डप्रेसची वेबसाइट नुसत्या गाभ्यावर क्वचितच चालते. फॉर्मसाठी एक, फोटोंसाठी एक, व्हॉट्सॲपच्या बटणासाठी एक, अशी प्लगइन जोडली जातात. मोफत प्लगइनच्या अधिकृत यादीत ती हजारोंनी आहेत. काहींच्या मागे मोठ्या कंपन्या आहेत, पण पुष्कळ प्लगइन एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून रात्री बनवतो. त्याला मूल झालं, नोकरी बदलली, कंटाळा आला की प्लगइन तिथेच थांबतं. वर्डप्रेसच्या वेबसाइट हॅक होतात त्या बहुतेक वेळा अशाच प्लगइनमधून. तुमच्या क्लासचं नाव गुगलवर शोधल्यावर खाली जपानी अक्षरं किंवा कॅसिनोची जाहिरात दिसली, तर वेबसाइटमध्ये कुणीतरी शिरलंय हे समजावं. वरून वेबसाइट अगदी ठीक दिसते, म्हणून महिनोन् महिने कळत नाही.

आणि सवयींचंही ओझं असतं. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने मजकूर लिहिण्याची पद्धत पूर्ण बदलली, ठोकळे जोडत जाण्याची नवी रीत आणली. अनेकांना ती आवडली नाही. तेव्हा जुनी रीत परत देणारं ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन काढलं आणि त्याला काही वर्षांपुरता आधार देऊ असं सांगितलं. ती मुदत उलटून गेली, प्लगइन अजून चालू आहे, कारण लाखो वेबसाइट त्यावर आहेत. मोफत वापरणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणणं किती अवघड असतं, ते इथे दिसतं.

एक माणूस थकला तर?

वेबसाइट बनवण्याचं साधन स्वतःही दुसऱ्या अनेक लहान साधनांवर उभं असतं. ते ज्या सर्व्हरवर चालतं तो बहुधा लिनक्सचा, आणि लिनक्समध्ये शेकडो सुटे भाग. त्यातला एक भाग ‘एक्सझेड’, फाइल दाबून लहान करणारा. तो फिनलंडमधले लासे कॉलिन जवळजवळ एकटेच, हौसेने सांभाळत होते. काम मागे पडतंय अशा तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी मानसिक आरोग्याच्या अडचणींमुळे आपल्याला मर्यादा येत असल्याचं लिहिलं होतं. अशा वेळी ‘जिया टान’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, आणि मग त्या भागात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्याने खणून पाहिलं आणि तो दरवाजा उघडकीला आला. चोरदरवाजा तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता, म्हणून निभावलं.

ही गोष्ट नेहमी हॅकिंगची म्हणून सांगितली जाते. मला ती थकलेल्या माणसाची वाटते. चोराने कुलूप फोडलं नाही, चौकीदाराला हात देण्याच्या मिषाने किल्ली घेतली.

मग पैसा येतो कुठून?

वेगवेगळ्या प्रकल्पांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. एक वाट आपल्या राज्यातली आहे. मुंबईच्या ‘फ्रापे’ या कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ हे धंद्याचा हिशेब, साठा, पगार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवलं. रुशभ मेहता हे तिचे संस्थापक. त्याच कंपनीचं ‘फ्रापे बिल्डर’ हे वेबसाइट बनवण्याचं साधनही ओपन सोर्स आहे: पडद्यावर चित्रासारखं ओढून-ठेवून पान तयार करायचं. कोड मोफत उतरवा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवा, कंपनी काही मागत नाही. तो सर्व्हर सांभाळण्याची कटकट नको असेल तर कंपनीच्या ‘फ्रापे क्लाउड’वर महिन्याचं भाडं भरा. कंपनीच्या कमाईचा हा मोठा मार्ग आहे. कोडला किंमत नाही, सेवेला आहे. मला हा व्यवहार सरळ वाटतो. घेणारा आणि देणारा दोघांनाही कशाचे पैसे आहेत हे माहीत असतं. अर्थात वर्डप्रेसच्या मानाने हे बिल्डर अजून लहान आहे, आणि त्याची मुख्य भिस्त एकाच कंपनीवर आहे, हेही खरं.

दुसरी वाट देणगीची. बंगळूरुच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस/फंड’ जाहीर केला: जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांना दर वर्षी एकूण १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. भारतीय कंपनीने असं करणं ही मोठी गोष्ट आहे. आपली आयटी कंपन्यांची मोठमोठी नावं ज्या सॉफ्टवेअरवर धंदा करतात त्यातलं किती ओपन सोर्स आहे ते पाहता ती आणखी आधी व्हायला हवी होती.

तिसरी वाट वर्डप्रेसची, आणि तिथे २०२४ मध्ये मोठं भांडण झालं. मुलेनवेग यांची ‘ऑटोमॅटिक’ ही कंपनी वर्डप्रेसवर धंदा करते आणि आपली माणसं वर्डप्रेसच्या कामालाही लावते. ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही दुसरी मोठी होस्टिंग कंपनी. ती वर्डप्रेसवर भरपूर कमावते पण परत काही देत नाही, असा आरोप मुलेनवेग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे केला. आरोपापर्यंत ठीक होतं. पुढे त्यांनी त्या कंपनीचा वर्डप्रेस डॉट ऑर्गमधला प्रवेशच रोखला. या ठिकाणाहूनच प्लगइन आणि त्यांच्या दुरुस्त्या येतात. परिणामी डब्ल्यूपी इंजिनकडे ज्यांच्या वेबसाइट होत्या, त्या बिचाऱ्या ग्राहकांचे अपडेट काही काळ अडकले. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन यादीत नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला.

या वादात एक गोष्ट जगासमोर आली. वर्डप्रेसचा कोड सगळ्यांचा, नाममुद्रा एका फाउंडेशनकडे, पण अपडेट जिथून येतात ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग मुलेनवेग यांच्या वैयक्तिक मालकीचं.

जानेवारी २०२५ मध्ये ऑटोमॅटिकने जाहीर केलं की वर्डप्रेससाठी आम्ही दिलेले तास कमी करतोय. आधी आठवड्याला साडेतीन हजारांहून अधिक तास सांगितले जात होते, ते सुमारे ४५ वर आणले. मे महिन्यात कंपनी पुन्हा कामाला लागली. मधल्या चार-पाच महिन्यांत अकोल्यातल्या कुठल्याही दुकानाची वेबसाइट बंद पडली नाही. पण जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइटच्या खालचा एक मोठा खांब एका कंपनीच्या रागलोभावर हलू शकतो, हे तेव्हा कळलं.

डब्ल्यूपी इंजिनने जास्त द्यायला हवं होतं, हे मला पटतं. पण ते वसूल करण्यासाठी त्यांच्या ग्राहकांच्या अपडेटचा नळ बंद करणं चूकच होतं.

हे आपल्याकडे घडलेलं आहे

मूर्तिजापूरच्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे गेल्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी आली. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन त्यातून सुटली. रूळ ब्रिटिशकालीन खासगी कंपनीचे, गाड्या चालवणार भारतीय रेल्वे, आणि कंपनीला त्याचा मोबदला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिच्यावर धावत होतं. लोक कौतुकाने पाहायला यायचे, फोटो काढायचे.

रूळ कुणी बदलायचे, हा प्रश्न मात्र मालक आणि चालवणारा यांच्यात लोंबकळत राहिला. रुळांची अवस्था खराब म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून प्रवासी कमी. शेवटी गाडी थांबली. मालकी कुणाची, वापर कुणाचा आणि दुरुस्ती कुणाची, ही तीन उत्तरं तीन दिशांना गेली की काय होतं ते आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलं आहे. शकुंतलेची मागणी अजून होते, कारण गरिबाला परवडणारी ती गाडी होती. पण गाडी चालू असताना स्लीपर बदलण्यासाठी मोर्चा निघालेला कुणाला आठवतो का?

मराठीचं यात काय अडकलंय?

बरंच. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही तिन्ही ‘ड्रुपल’ या दुसऱ्या ओपन सोर्स साधनावर उभी राहिली. पाककृतींपासून प्रवासवर्णनांपर्यंत, दिवाळी अंकांपासून भांडणांपर्यंत, इंटरनेटवरच्या मराठी लेखनाचा मोठा साठा तिथे आहे. ही संकेतस्थळं चालवणाऱ्यांपैकी कुणी ते साधन शून्यातून बनवलं नाही. बेल्जियमच्या ड्रिस बाइटार्ट यांनी सुरू केलेलं, जगाने वाढवलेलं साधन घेतलं आणि त्यात मराठी बसवली.

त्या ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. तिचा आधार आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये संपणार होता. पण लाखो वेबसाइट तिच्यावर असल्याने मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ रोजी ती संपली. चौदा वर्षं. सातवरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे बटण दाबण्याचं काम नाही, जवळपास नवी वेबसाइट बांधून जुना मजकूर तिच्यात हलवणं. ज्यांच्याकडे माणसं आणि पैसे आहेत ते हे करतात. ज्या छोट्या संस्थेची वेबसाइट एखाद्या भाच्याने हौसेने बनवून दिली आणि भाचा आता पुण्याला हिंजवडीत असतो, तिचं काय?

अकोल्याने काय करायचं?

‘आम्ही काय करणार, हे अमेरिकेतल्या कंपन्यांचं काम आहे’, हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. किराणा दुकानदाराने डॉलरमध्ये देणगी पाठवावी असं कुणी म्हणत नाही. पण त्याने वेबसाइट करून देणाऱ्याला ‘एकदाचे किती?’ याच्या सोबत ‘वर्षाचे किती आणि त्यात काय काय?’ हे विचारायला हवं. वेबसाइट बनवणाऱ्यांनीही देखभालीचे पैसे मोकळेपणाने मागावेत. स्पर्धेपायी कमीत कमी रकमेत काम घ्यायचं आणि नंतर फोन उचलायचा नाही, या रिवाजाने दोघांचंही नुकसान होतं.

चार गोष्टी मात्र आजच पाहता येतील. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कुणाच्या ईमेलवर नोंदलंय? ते बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या नावावर करून घ्या. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? बॅकअप त्याच सर्व्हरवर पडलाय की दुसरीकडेही आहे? आणि तुमच्या वेबसाइटवरची प्लगइन शेवटची कधी अपडेट झाली? ही तारीख प्लगइनच्या अधिकृत पानावर लिहिलेली असते. वर्डप्रेसच्या अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांसोबत ते तपासलेलं नसेल तर वर तसा इशाराही दिसतो. दोन-तीन वर्षं ज्याला हात लागलेला नाही असं प्लगइन काढून टाकलेलं बरं, मग ते कितीही आवडतं असो.

शाळा, पतसंस्था, बाजार समित्या, नगरपालिका यांच्याबाबत मी जरा कडक आहे. जिल्हा प्रशासनाच्या वेबसाइटमागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सामाईक व्यवस्था आहे, तिथे पगारी माणसं आहेत. तशी व्यवस्था प्रत्येक छोट्या संस्थेच्या नशिबी नाही. कूलर आणि झेरॉक्स मशीनला वार्षिक देखभाल करार करायचा, आणि ज्या वेबसाइटवर निकाल, भाव, नोटिसा टाकायच्या तिला नाही, हे कसं चालेल? संस्थेच्या अंदाजपत्रकात वेबसाइटच्या देखभालीची स्वतंत्र ओळ हवी.

आता कॉलेजांकडे येतो. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ हे पाचही जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे. या भागातून दर वर्षी कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांच्या बॅच बाहेर पडतात. मीही अशाच एका बॅचमधून आलो. फायनल इयरला कुणीतरी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ बनवायचं, पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी तीच पुन्हा शून्यापासून बनवायचं. परीक्षा झाली की सीडी कपाटात. आधीच्या बॅचची सिस्टिम दुरुस्त करून पुढे न्यायला आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण त्याला ‘नवीन’ म्हणून गुण मिळत नसत. नोकरीत गेल्यावर पहिल्या दिवसापासून मात्र दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड समजून घेणं हेच काम असतं.

हे बदलता येतं. इटलीतल्या पिसा विद्यापीठात वर्डप्रेससाठी केलेल्या कामाला अभ्यासक्रमाचं श्रेय देण्याचा ‘वर्डप्रेस क्रेडिट्स’ हा उपक्रम २०२५ मध्ये सुरू झाला. कॉलेजच्या मुलांना वर्डप्रेस शिकवणारा ‘कॅम्पस कनेक्ट’ हा कार्यक्रम तर आपल्याच देशात, राजस्थानातल्या अजमेरमध्ये २०२४ मध्ये सुरू झाला. अजमेर महानगर नाही. जे तिथे होतं ते अकोल्यात का होऊ नये, याचं तांत्रिक कारण मला तरी सापडत नाही. वर्डप्रेसची संमेलनं पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरला होऊन गेली आहेत. नागपूर तर रेल्वेने चार-पाच तासांवर आहे.

सुरुवातीला कोडच लिहावा लागतो असंही नाही. नोंदवलेली एखादी चूक आपल्या मशीनवर खरंच घडते का हे तपासून लिहिणं हे मोलाचं काम आहे आणि सेकंड इयरच्या मुलाला जमतं. स्वस्त फोनवर, कमी नेटवर्कमध्ये पान कसं उघडतं हे बार्शीटाकळीतून किंवा पातूरमधून जितकं खरं कळेल तितकं कॅलिफोर्नियातून कळणार नाही. आणि मराठी भाषांतर. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या ठिकाणी खातं उघडून कुणीही मराठी वाक्य सुचवू शकतं. अनुभवी संपादक ते तपासून मंजूर करतात. ‘प्लगइन’ला मराठीत काय म्हणावं यावर तिथे वाद होईल, होऊ दे. ज्या दुकानदाराला इंग्रजी सूचना वाचून ‘अपडेट’ दाबायची भीती वाटते, त्याला मराठीत नीट लिहिलेलं वाक्य दिसलं तर तो ते दाबेल.

यासाठी इमारत लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. अभ्यास मंडळाने एवढंच ठरवायचं की चालू असलेल्या ओपन सोर्स साधनात केलेली, त्या प्रकल्पाने स्वीकारलेली दुरुस्ती किंवा भाषांतर हा फायनल इयरचा प्रकल्प म्हणून चालेल. तो तपासणं परीक्षकालाही सोपं आहे: कुणी, कधी, काय बदललं आणि कुणी मंजूर केलं, याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी तिथेच असते.